परत उभं राहायचं का? आधी फॉर्म वीस काढा

"भाऊ, तुम्ही फक्त उभा ऱ्हा, आम्ही तुमना मांगे शेतस." म्हणजे आम्ही तुमच्या मागे आहोत. निवडणुकीचं वारं लागलं की खानदेशातल्या माजी आमदारांच्या ओट्यावर हे वाक्य रोज ऐकू येतं. म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांचा जीव असतो त्या माणसावर. पण ओट्यावर येणारी बहुतेक माणसं पडलेल्या निवडणुकीतही सोबतच होती. त्यांची मतं पराभवाच्या आकड्यात आधीच मोजून झालेली आहेत. अंदाज घ्यायचा तो ओट्यावर न येणाऱ्यांचा.

आता या बैठकांमध्ये आणखी एक मुद्दा निघतो. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं धनुष्यबाण एकनाथ शिंदेंच्या पक्षाला दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांच्या पक्षाला. चार मोठ्या पक्षांचे सहा झाले, म्हणजे तिकिटं वाढली, आपल्यालाही कुठून तरी मिळेल, असा तो मुद्दा. हा हिशेब उलटा आहे. त्याच्या नादी लागून चांगल्या माणसांची तीन-चार वर्षं फुकट जाताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा, धुळ्यात ५, नंदुरबारमध्ये ४. एकूण २०. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात त्यांतल्या १९ महायुतीकडे गेल्या: भाजप ११, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १ (अमळनेर). काँग्रेसकडे फक्त नवापूर राहिलं, तेही जेमतेम अकराशेच्या आसपास मतांनी. युतीतल्या वाटपाचा पहिला नियम असतो, ज्याचा विद्यमान आमदार त्याची जागा. म्हणजे सत्तेच्या बाजूनं पाहिलं तर १९ जागांवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे. माजी आमदार ज्याच्याकडून पडला तोच बहुतेक वेळा तिथं बसलेला असतो. भाजपमध्ये प्रवेश केला आणि जागा शिंदेसेनेची निघाली, तर पाच वर्षं ज्याच्याविरुद्ध भाषणं केली त्याच्याच प्रचाराच्या जीपमध्ये बसावं लागतं. कार्यकर्त्याला हे गावात समजावून सांगता येत नाही आणि तो घरी बसतो.

दुसऱ्या बाजूला तिकीट सहज मिळतं, पण तिथं बूथवर बसायला माणूस मिळत नाही. उन्मेष पाटील २०१९ मध्ये जळगावचे भाजपचे खासदार झाले, २०२४ ला उमेदवारी नाकारली गेली, एप्रिलमध्ये ते ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि नोव्हेंबरमध्ये चाळीसगावात मशाल घेऊन लढले. भाजपच्या मंगेश चव्हाणांनी जागा राखली. चाळीसगावातून २०१४ ला निवडून आलेला, मतदारसंघ तळहातासारखा माहीत असलेला माणूस होता तो. तरीही सात-आठ महिन्यांत नवं चिन्ह आणि नवी बूथयंत्रणा एकदम उभी करणं भल्याभल्यांना जड जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पक्षाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी बूथ, मग माणसं, मग कागदपत्रं, आणि हे तिन्ही जुळलं तर पक्ष. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. मुंबईहून फोन आला की गाड्या निघतात.

बूथचा हिशेब फॉर्म वीसपासून सुरू होतो. निकालानंतर निवडणूक निर्णय अधिकारी हा तक्ता तयार करतो. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते त्यात ओळीनं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर तो मिळतो. २०१४, २०१९ आणि २०२४ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा, असे चार तक्ते काढायचे. एका मतदारसंघात साधारण तीनशे ते साडेतीनशे केंद्रं धरा. एक्सेलमध्ये भरायला दोन जाणत्या पोरांना आठवडाभर लागतो.

भरताना हमखास एक चूक होते, ती म्हणजे केंद्र क्रमांकावरून जुळवणं. दर निवडणुकीला केंद्रांची फेररचना होते, गाव वाढलं की एका केंद्राची दोन होतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१४ चं १४२ नंबरचं केंद्र २०२४ मध्ये भलत्याच गावात असतं. त्यामुळे जुळवणी गावाच्या आणि शाळेच्या नावावरून करायची आणि शेवटी गावाची एक बेरीज काढायची. शहरात प्रभागाची. ज्यांची आमदारकी २००९ च्या आधीची आहे त्यांनी तर जुना नकाशा डोक्यातून काढूनच टाकावा. २००८ च्या पुनर्रचनेत यावल, पारोळा, अक्राणी ही मतदारसंघांची नावंच गेली. "तो सगळा पट्टा आपला" असं म्हटलं जातं तो पट्टा आज दोन मतदारसंघांत वाटला गेलेला असतो.

तक्ता तयार झाला की पक्षाचं मत आणि माणसाचं मत वेगळं करायचं. त्यासाठी २०२४ सारखं वर्ष परत मिळणार नाही. जळगाव, रावेर, नंदुरबारचं लोकसभेचं मतदान १३ मे रोजी झालं, धुळ्याचं २० मे रोजी आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. सहा महिन्यांत जवळपास त्याच मतदारांनी दोनदा मतदान केलं. ज्या गावात उमेदवाराची टक्केवारी त्याच्या पक्षाच्या लोकसभेतल्या टक्केवारीपेक्षा जास्त आहे, तिथलं वरचं मत त्या माणसाचं. जिथं कमी आहे, तिथं त्याचं स्वतःचं काही नाही, उलट पक्षाचंही मत त्यानं गमावलंय. आकडे टक्क्यांतच ताडायचे, कारण दोन्ही वेळचं मतदान सारखं नव्हतं. २०१९ च्या शिवसेनेच्या आणि राष्ट्रवादीच्या मतांचं काय करायचं, हा खरा गुंता. ती मतं आज कोणाची, हे तक्ता सांगत नाही. गावचा शाखाप्रमुख कुठं गेला आणि गावच्या विकास सोसायटीचा (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा) चेअरमन कुठं गेला, हे गावोगाव विचारून पुढच्या रकान्यात लिहावं लागतं. घरी बसून ते लिहिलं तर सगळी वही खोटी ठरते.

बेरजेवर भाळू नये, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२४ च्या धुळे लोकसभेचं. धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाण या पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यनं ती सगळी आघाडी भरून काढली आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. विधानसभेतही एखाद-दुसरं मोठं गाव किंवा शहरातले पाच-सात प्रभाग हेच काम करतात. आपली हार नक्की कुठल्या दहा-पंधरा केंद्रांवर झाली, ते तक्त्यात दिसतं. ती केंद्रं तशीच राहणार असतील, तर बाकीच्या तीनशे केंद्रांवर कितीही प्रेम असलं तरी गणित बसत नाही.

अपक्ष लढण्याचा विचार असेल तर दोन निकाल समोर ठेवावेत. मुक्ताईनगरला २०१९ मध्ये चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून १,९५७ मतांनी जिंकले, समोर भाजपकडून रोहिणी खडसे होत्या. ते जमलं कारण राष्ट्रवादीनं पाठिंबा दिला आणि लढत सरळ झाली. अक्कलकुव्यात २०२४ ला उलटं झालं. दहा वर्षं खासदार राहिलेल्या हिना गावित भाजप सोडून अपक्ष उभ्या राहिल्या. आमश्या पाडवी शिंदेसेनेकडून जिंकले, काँग्रेसचे के. सी. पाडवी तीन हजारांच्या आतल्या फरकानं पडले आणि हिनाताई तिसऱ्या राहिल्या. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात सहा हजारांचंही अंतर नव्हतं. अपक्षाला सरळ लढत मिळाली तर संधी असते. तिरंगी झाली तर आपण कोणाची मतं खातोय यावर दुसऱ्याच दोघांचा निकाल ठरतो. आणि एक कायद्याची गोष्ट: अपक्ष निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात रीतसर प्रवेश केला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो, तेवढाच.

आता माणसं. माजी आमदाराच्या डोक्यात त्याची फळी दहा वर्षांपूर्वीची असते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली होती, त्यांचीही मुदत उलटली. गट-गणातला (जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांतला) कार्यकर्ता इतका काळ पदाविना राहिला की त्याचं रोजचं काम थांबतं, तो शेतीत, प्लॉटिंगमध्ये किंवा ठेकेदारीत गुंततो. "आपला झेडपी सदस्य" म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्याला गावात आता कोण विचारतं, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर पाच गावं सोपवू नयेत.

सरपंचाकडून उघड पाठिंबा मागणं तर अन्याय आहे. मूलभूत सुविधांचा २५१५ चा निधी, जिल्हा नियोजनमधला रस्ता, वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी, हे सगळं विद्यमान आमदाराच्या पत्रावर हलतं. सरपंच त्याच्यासोबत फोटोत दिसणारच, गावाचं काम अडवून तो कुणासाठी उभा राहील? त्याला वेगळं विचारावं. तुमच्या गावातल्या प्रत्येक केंद्रावर सकाळी मॉक पोलपासून (मशीनच्या चाचणी मतदानापासून) संध्याकाळी मशीन सील होईपर्यंत बसतील, अशी दोन नावं द्या. मतदान प्रतिनिधी म्हणून नाव देणं म्हणजे गावात उघडं पडणं. "आम्ही मांगे शेतस" म्हणणारे शेकडो असतात, पण केंद्रावर नाव द्यायला माणूस विचार करतो. तीनशेपैकी किती केंद्रांवर दोन-दोन नावं मिळाली, हाच माजी आमदाराच्या ताकदीचा खरा आकडा. सभेची गर्दी आणि वाढदिवसाचे बॅनर यांचा त्याच्याशी संबंध नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडच्या तांड्यांवर आणखी एक हिशेब लागतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला टोळ्या निघून जातात. यादीत नाव आहे पण माणूस गावात नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर घरंच विखुरलेली. मतदान नोव्हेंबरमध्ये आलं तर यादीतल्या आकड्यावर जाऊ नये, त्या महिन्यात गावात राहणाऱ्यांची नोंद करावी. सुरतच्या उधना-लिंबायतमधून गाड्या भरून मतदार आणू, असं सहज बोललं जातं. मतदारांना फुकट वाहनानं मतदान केंद्रावर नेणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्ट आचरण आहे, त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते.

संस्थांची निवडणूक वेगळ्या जातीची, पण तीही वाचता आली पाहिजे. बाजार समितीत १८ संचालक: ११ सोसायट्यांतून, ४ ग्रामपंचायतींतून, २ व्यापारी आणि १ हमाल-मापारी. जिल्हा बँकेत सोसायटीचा ठराव कोणाच्या नावानं होतो, त्यावर मत ठरतं. इथं हजार-दीड हजार मतदार असतात आणि ते कुंपणावर बसत नाहीत, वारं फिरलं की आधी तेच फिरतात. डिसेंबर २०२२ मध्ये जळगाव जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत एकनाथ खडसे गटाचं पॅनल पडलं. विधानसभेला दोन वर्षं बाकी होती, पण २०२४ ला मुक्ताईनगरात रोहिणी खडसेंच्या पराभवाचा फरक १,९५७ वरून वीस हजारांच्या पुढे गेला. सोसायट्यांचे ठराव आपल्या बाजूनं होईनासे झाले, तर ते आधीच आलेलं उत्तर समजावं.

बंद पडलेला साखर कारखाना किंवा बुडालेली पतसंस्था ज्याच्या नावाशी जोडली गेलीय, त्यानं तर या भागात आधी ठेवीदारांसमोर आणि कामगारांसमोर जाऊन बसावं. सहकार कायद्याच्या ८३ खाली चौकशी झाली का, ८८ खाली जबाबदारी निश्चित झाली का, वसुलीचा दाखला निघालाय का, याचे कागद स्वतःच्या हातात असावेत. प्रचारात समोरचा ते काढणारच, आणि ठेवीदाराचं दुःख खरं असतं. त्याला हिशेब न देता मत मागायला जाणं बरोबर नाही.

कागदपत्रांवर जरा जास्त बोलतो, कारण इथं माजी आमदारांना नवख्यांपेक्षा जास्त अडचण येते. मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला प्रतिज्ञापत्रासोबत लागतो. मुंबईतल्या आमदार निवासातली खोली सोडून वर्षं झाली, तरी एखादं बिल वहीत राहिलेलं असतं. तो दाखला अर्ज भरायच्या आठवड्यात मिळत नाही, सहा महिने आधी मागावा.

मागच्या निवडणुकीचा खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत दिला होता का, तेही पाहावं. पडलेला उमेदवार खचलेला असतो, हिशेब राहून जातो. आयोग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

बरेच जण पडल्यावर ठेकेदारीत उतरतात. राज्य शासनाकडून घेतलेलं काम किंवा पुरवठ्याचा करार चालू असेल तर त्याच कायद्याच्या कलम ९ अ नुसार विधानसभेला अपात्रता येते. काम पूर्ण झालंय आणि फक्त बिल यायचं राहिलंय, तर करार चालू धरला जात नाही. म्हणून काम पूर्णत्वाचा दाखला अर्जाच्या आधी हातात घ्यावा. फर्ममध्ये भागीदार म्हणून नाव असेल तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जावं.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल तर शिक्षेच्या दिवसापासून आणि सुटकेनंतर सहा वर्षं लढता येत नाही. इथं एक गैरसमज सारखा आढळतो. जामीन मिळाला किंवा शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे वाट मोकळी झाली, असं लोक धरून चालतात. दोषसिद्धीलाच स्थगिती लागते.

फॉर्म २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडायचा नाही, "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. अधिकाऱ्यानं कळवल्यावरही कोरा राहिला तर अर्ज बाद होतो. स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणाचं उत्पन्न त्यात द्यावं लागतं. मागच्या वेळच्या प्रतिज्ञापत्राची प्रत शेजारी ठेवून भरावं. जमिनीचा गट क्रमांक जरी बदलला तरी विरोधक दोन्ही कागद घेऊन पत्रकार परिषद घेतो.

फुटलेल्या पक्षांच्या काळात एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते कळवणाऱ्या ए आणि बी या फॉर्मचा, घोळ सगळ्यात घातक. हे दोन्ही फॉर्म शाईच्या सहीचे, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अधिकाऱ्याकडे पोहोचावे लागतात. फॅक्स किंवा व्हॉट्सअॅपवरची प्रत चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. आता समजा एका सूचकावर अर्ज भरला आणि बी फॉर्म आलाच नाही, किंवा ऐनवेळी दुसऱ्याच्या नावानं आला, तर अर्ज बाद आणि अपक्ष म्हणूनही उभं राहता येत नाही. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते: खुल्या गटाला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. तेव्हा एक अर्ज दहा सूचकांचा भरूनच ठेवायचा. सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत आणि यादीतला भाग व अनुक्रमांक ताज्या यादीवरून घ्यायचा. दहातला एक अनुक्रमांक चुकला तरी छाननीत वाद होतो, म्हणून दोन अर्जांवर वेगवेगळे दहा घेणं बरं.

आरक्षणाचंही लक्षात असू द्यावं. वीसपैकी सात जागा अनुसूचित जमातीसाठी आहेत (नंदुरबारच्या चारही, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा) आणि भुसावळ अनुसूचित जातीसाठी. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा ठरवल्यात, अंमलबजावणी पुनर्रचनेशी जोडलेली आहे. आज ज्या जागेसाठी पाच वर्षं खर्च करायची, तिची हद्द किंवा आरक्षण बदलू शकतं. घरातल्या मुलाला किंवा सुनेला आधी जिल्हा परिषदेत पाठवायचा बेत असेल तर तिथले नियम वेगळे: १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर अपात्रता, आणि राखीव जागेला जातवैधता प्रमाणपत्र. विधानसभेला दोन अपत्यांची अट नाही, त्यामुळे घरात कुणाच्या ते ध्यानात येत नाही.

खर्चाचं थोडक्यात. मर्यादा ४० लाख, अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं, दहा हजारांवरचा व्यवहार रोखीनं नाही. कर्ज काढून लढू नये. केळीचा भाव पडला की रावेर-यावलमध्ये आणि कापसाचा पडला की बाकी सगळीकडे उसनं देणारेच आधी दारात येतात.

एवढं झाल्यावर पक्ष. जुन्या पक्षात परत जायचं असेल तर घोषणा आणि प्रवेश यांत किती अंतर असतं ते एकनाथ खडसे यांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलंय. २०२० मध्ये ते राष्ट्रवादीत गेले, २०२२ मध्ये विधान परिषदेवर निवडून आले, एप्रिल २०२४ मध्ये भाजपमध्ये परतण्याची घोषणा झाली आणि तरी ते शरद पवारांच्याच पक्षात राहिले. सून रक्षाताई भाजपच्या खासदार, मुलगी रोहिणीताई शरद पवारांच्या राष्ट्रवादीत. इतक्या मोठ्या, पक्ष वाढवलेल्या नेत्यालाही जिल्ह्यातल्या नेतृत्वाच्या संमतीशिवाय वाट मिळत नसेल, तर इतरांनी दिल्ली-मुंबईच्या शब्दावर विसंबू नये. जिल्ह्यातल्या ज्या नेत्याला आपण नको आहोत, त्याच्याशी आधी समोरासमोर बोलावं. सभागृहात सदस्य असताना पक्ष सोडला तर दहावं परिशिष्ट लागतं. माजी असताना ते बंधन नाही, पण त्या मोकळेपणाचा एकदाच उपयोग होतो. दुसऱ्यांदा गमछा बदलला की कार्यकर्ता विचारत नाही, निघून जातो.

बोलणी करताना विधान परिषदेचा शब्द दिला जातो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातली ती जागा असेल तर निवडणूक लागायलाच किमान ७५ टक्के संस्था अस्तित्वात आणि ७५ टक्के मतदार असावे लागतात. प्रशासक बसलेले असतील तर त्या शब्दाला तोवर अर्थ नाही.

दीड वर्ष आधी वही काढावी. पहिले चार महिने फॉर्म वीस आणि गावोगावची नोंद, नंतरचे चार महिने ज्या गावांत पडलो तिथेच फिरणं: दारावर जाणं, गंधमुक्तीला (मृत्यूनंतरच्या विधीला) जाणं, लग्नाला जाणं, पण माईक न घेता. मग केंद्रावरची नावं मोजायची. तीनशेपैकी अडीचशे केंद्रांवर दोन-दोन नावं लिहून झाली तर पक्ष स्वतः विचारायला येतो. दीडशेच्या आत अडकलं, तर ती वही, फॉर्म वीसचे तक्ते आणि सूचकांची यादी तालुक्यातल्या ज्या तरुण कार्यकर्त्यानं ती गावं फिरून भरली, त्याच्याच हातात द्यावी आणि त्याच्या पहिल्या अर्जावर सूचक म्हणून आपली सही करावी.